साहेबांचं एन्व्हायर्नमेंट

३ जानेवारी, मंगळवार
साहेबांचं ‘एन्व्हायर्नमेंट’ आजही उभं राहिलं नाही! दिवाळीत आमच्या यांची पुण्याची नोकरी सुटली, हे देऊळघाटला परत आले, तेव्हापासून घरात हा एकच प्रकल्प. लॅपटॉपवर आधी पायथन ही संगणकाची भाषा बसवायची, त्यावर ज्युपिटर नोटबुक. कोड तुकड्या-तुकड्यानं लिहायचा, प्रत्येक तुकड्याखाली लगेच उत्तर. नव्या कंपनीची ऑनलाइन मुलाखत वीस तारखेला— त्यात म्हणे हेच करून दाखवायचं. तर साहेब बसवतात. काढतात. परत बसवतात.

सासूबाईंना कोणीतरी सांगितलं, पायथन म्हणजे अजगर. “काऊन वं अन्नपूर्णा, दयारामनं घरात साप पाळला का?”
म्हटलं, पाळला असता तर उंदीर तरी कमी झाले असते.

५ जानेवारी
डाउनलोड नव्वद टक्क्यांवर असताना लाइट गेली. लाइटीलाही आमच्याच घराचा मुहूर्त!

९ जानेवारी, सोमवार
उपकेंद्रातलं लसीकरण उरकून आले, तर साहेब डोक्याला हात लावून.
“काय झालं हो?”
“कर्नल मेला.”
आमच्या नात्यात साधा शिपाई नाही, कर्नल कुठला? तर ते नोटबुकच्या आतलं इंजिन. मेलं की परत सुरू करायचं. माझ्या पेशंटांना नाही अशी सोय.
विचारलं, अभ्यास कधी करता मग? “आधी मशीन तं नीट होऊ दे! तुले नाही समजत त्यातलं.”
हाव, खरं आहे. आपण बापडीनं सुया टोचाव्या.

१३ जानेवारी
सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. धन्य!

१८ जानेवारी, बुधवार
चाललं!! म्हणे मशीनमध्ये दोन पायथन झाले होते— नोटबुक एकात बसवलं, शोधत होते दुसऱ्यात. (एवढ्यात माणसाचं दुसरं लग्न उरकतं.) दोन ओळी लिहिल्या, बटण दाबलं, खाली आलेख उमटला. सासूबाई चष्मा पुसत, “रेघ तं मस्त निंगाली बाप्पा!”
साहेब हसले नाहीत. त्या रेघेकडं नुसते पाहत बसले. घ्या! आता काय आलेखाची दृष्ट काढू?

१९ जानेवारी
यांच्या शर्टाला इस्त्री केली. उद्याची रजा टाकली. घरात कोणी खोकलं तरी खबरदार!

२० जानेवारी, शुक्रवार
सकाळीच शर्ट घालून बसले. मी सासूबाईंना शेजारी धाडलं, दार लावलं. वेळ टळून गेली, लॅपटॉप मिटलेलाच.
“अहो, जोडा नं!”
“कुठं जोडू? मुलाखत डिसेंबरातच झाली. नाही घेतलं त्यायनं.”
“मग हे इतके दिवस…?”
“चालू तं पहिल्याच आठवड्यात झालं होतं, अन्नपूर्णा. मीच काढून टाकत होतो. चालू राह्यलं असतं तं मुलाखतीचं खरं तुले सांगा लागलं असतं.”
मी जवळ जाऊन बसले. उद्याचीही रजा टाकते.