एका गोळीचे चार तुकडे

बुप्योंग, इंचॉन
ता. ९ मार्च २००३

ती. आईस,
ग्योंग-रानचा सा. न. वि. वि.

सुक्या मासळीचा डबा पोचला. तीन दिवसांत निम्मा संपला, कारण मोठी बातमी अशी की मला दिवस गेले आहेत. नववा आठवडा चालू आहे. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर हे घडतंय, त्यामुळे सासूबाई मला साधी वाटीही उचलू देत नाहीत. फोनवर सांगणार होते, पण फोन त्यांच्या खोलीच्या दाराशी, तिथे मनातलं काय बोलणार!

तू लिहितेस की केस गळून तुझा भांग आता गल्लीचा हमरस्ता झाला आहे, आणि विचारतेस की जावईबापूंच्या टकलावर पुन्हा केस कसे आले. गुपित आहे, कुणाजवळ बोलू नकोस. सासूबाईंना वाटतं की भातात घातलेल्या काळ्या सोयाबीनचा गुण आला, आणि तुझा जावई तॅ-सॉपही त्यांच्यासमोर गरिबासारखी मान डोलावतो. खरं म्हणजे तो दोन वर्षं गोळ्या घेतो आहे. म्हाताऱ्या पुरुषांना लघवीचा त्रास होतो तेव्हा देतात तीच गोळी. केसांना तिचा चौथा हिस्सा पुरतो. केसांची म्हणून वेगळी मिळते ती महाग, म्हणून त्याच्या ऑफिसातले सगळेच ही आणून तुकडे करतात. त्याचे हात धसमुसळे, गोळीचं पीठ करून ठेवतो. तेव्हा दर रविवारी मीच फळं चिरायच्या सुरीने चार-चार तुकडे करून डबीत भरते. फळीवर चुरा उरतो तो बोटाने टिपून तोंडात टाकते. फुकट का घालवायचा, झाले तर माझेही केस दाट होतील!

सोबत पुडीत आठ तुकडे आहेत. रोज एक घे. रक्तदाबाची गोळी चालू आहे, तेव्हा औषधवाल्या यांगबाईंना एकदा विचारून घे.

तुझी माया अशीच राहू दे.
तुझी धाकटी,
ग्योंग-रान


साम्चॉन्पो
ता. १४ मार्च २००३

चि. ग्योंग-रान हिस,
आईचे अनेक आशीर्वाद.

काल तीनदा फोन केला. तिन्ही वेळा विहीणबाईंनी उचलला, आणि तिन्ही वेळा मी हवेच्या आणि मासळीच्या भावाच्या गप्पा मारून ठेवून दिला. त्यांना वाटलं असेल की बाईला आनंदाने वेड लागलं. म्हणून हे जलद टपालाने पाठवते आहे. वाचशील तेव्हा आधी खाली बस.

तुझी पुडी घेऊन मी यांगबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या की तुमचं काम या गोळीचं नव्हे, हिच्या नादी लागू नका. मग तुकडे पाहून विचारलं की कापले कुणी. मी मोठ्या कौतुकाने सांगितलं की माझ्या लेकीने, आणि लगेच दुसरं कौतुकही सांगून टाकलं. पोरी, त्यांचा चेहरा असा उतरला की मी दुकानातच बाकावर बसले. गोळी अख्खी असते तोवर तिला वरून आवरण असतं. फोडली की आतलं औषध हाताला लागतं. गरोदर बाईने फुटकी गोळी हातातसुद्धा घेऊ नये, मग चाटणं तर लांबच. पोटात मुलगी असेल तर काही नाही. मुलगा असेल तर त्याचा पुरुषपणाचा अवयव घडतानाच त्यात खोट राहू शकते. हे त्यांनी हळू आवाजात सांगितलं, तरी मला अजून ते मोठ्याने ऐकू येतं आहे.

ती सुरी, ती फळी आजच्या आज टाकून दे. जावईबापूंना म्हणावं की डोक्यावरचं राखायला गेलात आणि पोटातलं पणाला लावलंत. नाही, नको म्हणूस. माझीही चूक आहे. मीच केसांचं तुणतुणं वाजवलं म्हणून तू पुडी बांधलीस. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हा.

डॉक्टरांना जाऊन सांग. मला भीती वाटते आहे, फार भीती वाटते आहे, आणि हे लिहायला तुझ्याशिवाय कुणी नाही.

सुखरूप असल्याचं दोन ओळींनी तरी कळव.
तुझी आई


बुप्योंग
ता. २ एप्रिल २००३

ती. आईस,
सा. न. वि. वि.

सुरी-फळी टाकली. सासूबाईंनी विचारलं तर म्हटलं, वास येत होता. हात इतके धुते की कातडं सुटायला आलं आहे.

गोळ्यांच्या खोक्यात एक कागद असतो. त्यावर हे सगळं छापलेलं असतं. तॅ-सॉप खोकं दुकानाच्या दारातच टाकून यायचा, कारण त्यावर म्हाताऱ्यांच्या रोगाचं नाव, आणि ते सासूबाईंच्या हाती लागलं तर पंचाईत! तो कागद आम्ही दोन वर्षांत एकदाही वाचला नाही. आता त्याने गोळ्या बंद केल्या आहेत. उशीवर केस दिसले की तो माझ्याकडे गुन्हेगारासारखा बघतो. मला त्याचा राग येतो आणि कीवही येते, आणि दोन्ही लपवून जेवण वाढावं लागतं.

दवाखान्यात गेले, पण सासूबाई सोबत. त्या शेजारी असताना गोळीचं कसं सांगणार? मी एवढंच विचारलं की मुलगा आहे की मुलगी. डॉक्टर मिनबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या की हे सांगणं कायद्याने गुन्हा आहे, आणि का आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. मग माझ्या कागदांकडे बघून म्हणाल्या की शिकलेल्या बायकांनीही हेच विचारावं याचं दुःख होतं. आई, त्यांना वाटलं की मुलगी निघाली तर मी पाडेन! मला तर मुलगीच हवी आहे. लाजेने मान वर करवेना, आणि सासूबाई मात्र गालात हसत होत्या.

त्यांना स्वप्न पडलं आहे. अंगणात लाल मिरच्यांचा ढीग, आणि त्या पदरात भरून घेताहेत. मिरच्या म्हणजे मुलगाच. त्यांनी अख्ख्या इमारतीत सांगितलं. लोक अभिनंदन करतात आणि मला हसून आभार मानावे लागतात.

मी रविवार मोजत बसते. पाळी चुकल्यापासून पाच रविवार. पाच वेळा बोट चाटलं. तू असतीस तर जवळ बसवलं असतंस.

आठवण काढत राहा.
ग्योंग-रान


साम्चॉन्पो
ता. ११ एप्रिल २००३

चि. ग्योंग-रान हिस,
अनेक आशीर्वाद.

आधी माझं उरकते. यांगबाईंनी रक्त तपासायला पाठवलं, त्यात लोह कमी निघालं. त्याच्या गोळ्या, आणि टाळूला दिवसातून दोनदा लावायचं एक पातळ औषध दिलं. सुरुवातीला केस जास्तच गळतील, घाबरू नका म्हणाल्या. गळताहेत. मी घाबरत नाही. माझ्या वाट्याची सगळी भीती तुझ्याकडे लागली आहे.

टेकडीवरच्या देवळात रोज जाते. एकशे आठ दंडवत घालते, गुडघे बोलतात, बोलू देत. मुलगी होऊ दे म्हणून मागते. पहिल्या दिवशी शब्दच निघेना. या तोंडाने आजवर एकच मागणं मागितलं होतं आणि ते उलटं होतं. तुझ्या दोघी बहिणींच्या वेळी मागितलं, तुझ्या वेळी तर याच देवळात शंभर दिवस मागितलं. तू झालीस तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून झोपले, तुझ्या आजीनेच तुला पहिलं उचललं. हे तुला कुणी ना कुणी सांगितलं असेलच. मी कधी बोलले नव्हते, आज लिहिते आहे. आता मी मुलगी मागते, आणि शेजारी वाकलेल्या बाया माझ्याकडे चमकून बघतात, कारण मी मोठ्याने मागते.

दुपारी मुद्दाम आडवी होते, की मुलीची खूण म्हणून एखादं पीच, एखादं फूल तरी स्वप्नात यावं आणि विहीणबाईंच्या मिरच्यांना उत्तर द्यावं. काही येत नाही. मेली झोपच येत नाही.

पण देवावर टाकून घरी बसू नकोस. विहीणबाईंना टाळ, नवऱ्याला घेऊन जा, आणि डॉक्टरांना चुऱ्यासकट सगळं सांग. लाजलीस तर मूल भोगेल.

खुशालीची वाट बघते आहे, हे वेगळं सांगायला नको.
तुझी आई


बुप्योंग
ता. १० जून २००३

ती. आईस,
सा. न. वि. वि.

एप्रिलअखेर आम्ही दोघं गेलो, ते तुला त्रोटक कळवलंच होतं. तॅ-सॉपने स्वतःच सांगितलं, मान खाली घालून, मला बोलूच दिलं नाही. मिनबाईंनी सगळं लिहून घेतलं. मग मागच्या वेळच्या बोलण्याबद्दल त्यांनी माझी माफी मागितली. म्हणाल्या की चाटलेला चुरा थोडा असणार, ही मनाई सावधगिरीची आहे, धोका फार लहान आहे. पण नाहीच असं वचन देता येत नाही, बाविसाव्या आठवड्यात नीट बघू. जाताना माझी वेणी पाहून हेही म्हणाल्या की बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्यात केस मूठमूठ गळतील, तेव्हा कसलीही गोळी शोधू नका, आपोआप येतात. त्या दिवसापासून कालपर्यंत मी कशी जगले ते विचारू नकोस.

काल तपासणी झाली. पडद्यावर मला काही कळत नव्हतं, मी फक्त बाईंचा चेहरा बघत होते. त्या एकाच जागी थांबल्या. पुढे गेल्या, परत तिथेच आल्या. तॅ-सॉपने माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली. शेवटी त्यांनी परिचारिकेला काहीतरी आणायला बाहेर पाठवलं, दार लावलं, आणि म्हणाल्या की मुलगा की मुलगी हे मी सांगणार नाही, मला सांगता येत नाही. फक्त एवढंच, की जे शोधायला मी इतका वेळ घालवला ते जिथे असायला हवं तिथे सापडलं, आणि जसं असायला हवं तसं दिसतंय. जन्मानंतर पुन्हा बघूच, पण आज घरी जाऊन पोटभर जेवा.

तॅ-सॉपला त्याचा अर्थ जिन्यात कळला. तो पायरीवर बसून रडला, विरळ डोकं दोन्ही हातांत धरून, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं असेल की काही वाईट झालं.

मीही रडले. आनंदानेच रडले, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू, थोडी त्या मुलीसाठीही रडले. दोन महिने तू तिला मागत होतीस. मुलगी हवी म्हणून आपल्या घरात कुणी हात जोडल्याचं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. तुझं ते पत्र मी इतक्यांदा वाचलं आहे की घड्यांवर फाटलं. भीतीने जीव जायची वेळ आली की तेच काढून वाचायचे. वाचताना मला वाटायचं, आई मलाच मागते आहे.

गुडघ्यांना जप. लोभ आहेच, तो आता मला दिसतो.

तुझी,
ग्योंग-रान