पैलवानाचा ताबा आणि त्याच्या वजनाची कबुली

मी, अभिमन्यू सिद्धनाथ कोकरे, वय बावीस, बी.एस्सी. दुसऱ्या वर्षात सोडलेला, राहणार शुक्रवार पेठ, सोलापूर, हे मृत्युपत्र हॉस्पिटलच्या खाटेवर बसून, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, पूर्ण शुद्धीत लिहितो. डोके ठिकाणावर आहे. आईचे मत वेगळे आहे, ते इथे धरू नये. उद्या मांडीच्या हाडात रॉड घालणार आहेत. 'भूल दिल्यावर काही झाल्यास' अशा कागदावर सही घेतली, म्हणून हे लिहिणे आले.

१. स्थावर मिळकत नाही. जंगम मिळकत म्हणावी अशी एकच, तीही जागची हलत नाही: कुत्रा पैलवान, वय पाच, वजन एकेचाळीस किलो. पाहिजे सव्वीस.

२. पैलवान वळसंगच्या धोंडीराममामांना द्यावा. तो त्यांच्याच मेंढरांमागच्या कुत्रीचा. पण मागच्या महिन्यात मामा त्याला बघून म्हणाले, "काय रं, गाभण हाय का काय ही?" पैलवान नर आहे. हे कलम रद्द.

३. आईकडे राहावा असेही वाटते. पण आई, केराबाई, "मुकं जनावर हाय, बघतंय की तोंडाकडं" म्हणत तूप लावून भाकरी टाकते. त्यावरून मी वर्षभर तिच्यावर ओरडलो, एकदा ताट भिरकावले. ते सगळे ओरडणे मागे घेतो. कारण खाली आहे.

४. हे कलम कुणी मोठ्याने वाचू नये. जनावरांच्या डॉक्टरांनी दर पंधरा दिवसांनी पैलवानाला काट्यावर आणायला सांगितले होते. काट्यापाशी वजन लिहून घ्यायला प्रियदर्शनी असते. पहिल्या दोन महिन्यांत तीन किलो उतरले. डॉक्टर म्हणाले, "सव्वीसवर आला की सुटलात." मला सुटायचे नव्हते. त्या दिवसापासून मी त्याला गुपचूप बिस्किटे, शेंगा, भजी चारली. फिरवायला म्हणून न्यायचो आणि दवाखान्यासमोरच्या कट्ट्यावर तासभर बसायचो. वजन वाढले की ती कपाळाला हात लावायची. "कोकरे, परत?" बरे वाटायचे. लाजही वाटायची. कोणते जास्त, ते अजून कळत नाही.

५. मंगळवारी पैलवानाला घराच्या तीन पायऱ्या चढवेनात. धापा टाकत माझ्याकडे बघत बसला. उचलला, आणि दोघे कोसळलो. त्याला काही झाले नाही. तो माझ्या पायावर पडला.

६. सबब पैलवान प्रियदर्शनीला द्यावा. ती घेईल का, माहीत नाही. रीत तिला ठाऊक आहे, तरी लिहितो: खाणे मापाच्या वाटीने, दोन वेळा. एकदम उपाशी ठेवू नये. लाड करायचे तर गाजराचा तुकडा. फिरवणे म्हणजे चालवणे, बसवणे नव्हे. फासळ्या हाताला लागाव्यात, डोळ्याला दिसू नयेत. हे वाक्य तिचेच.

७. मित्र बिभीषण म्हणाला होता, "कुत्र्याचं निमित्त करून पोरगी बघतोस." त्याच्या गाडीचा आरसा मी फोडला. बोलला ते खरे होते. माझ्या गाडीचा डावा आरसा त्याला द्यावा. उजवाही द्यावा.

८. मोबाईलमध्ये एक फोटो आहे: काट्यावर पैलवान, कडेला तिचा हात. मी गेल्यास तो पुसावा. किंवा राहू द्यावा.

शेजारच्या खाटेवरचे संगमेशअण्णा साक्षीला तयार आहेत. ते म्हणाले, "ज्येला द्यायचं त्येची सही साक्षीला घिऊ नगंस, त्येचं देणं रद्द हुतंय. आमच्या काकाचं तसंच झालं." म्हणून दुसरी जागा बिभीषणसाठी मोकळी ठेवली आहे; त्याचे आरसे रद्द झाले तरी हातोहात देईन. आला तर.

ठिकाण: सोलापूर. तारीख: १३ फेब्रुवारी २०२५.
सही: अभिमन्यू सिद्धनाथ कोकरे

साक्षीदार
१. संगमेश, राहणार कुंभारी.

२. प्रियदर्शनी. तुमच्या आईंसोबत आले होते, तुम्ही झोपला होता. सगळं वाचलं. लई राग आलाय. अण्णांचं पण वाचलं, म्हणूनच सही इथं केली. वजन उतरल्यावर पण महिन्याला एकदा काट्यावर आणावंच लागतं, कोकरे. विचारायचं तरी. तुम्ही उभे राहीपर्यंत त्याला मी चालवते. कुत्रा तुमचाच.