दिवस बुडेपर्यंत

ताडकळस,
दि. ९ जुलै २०२४

ती. अक्कास,
महांतेशचा प्रभूच्या नावात सलाम. वि. वि.

इकडे मी, आई आणि दोन्ही बैल खुशाल आहोत. तुझी, दाजींची आणि छोट्या प्रियांकाची खुशाली कळवावी. फोन असताना पत्र कशाला लिहितो म्हणून दाजी हसतील. पण परवा फोनवर मी शनिवारचं बोलायला लागलो, तू मला मधेच तोडलंस, मी चिडलो आणि आपण दोघांनी फोन ठेवला. कागद मधे बोलत नाही. तू वसतिगृहात होतीस तेव्हा अप्पांना लिहायचीस, तसंच हे समज.

सोनपेठकडचे दत्तराव ब्रदर इथे प्रार्थनेला येतात हे तुला माहीत आहे. त्यांनी दहा आज्ञा एकेक करून समजावल्या. खून करू नको ही आपण पाळतो, चोरी करू नको ही पाळतो. मग शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची, तेवढी आपण शनिवारवरून उचलून रविवारवर कुणाच्या परवानगीने ठेवली? मी पुष्कळ शोधलं, मला परवानगी सापडली नाही. म्हणून गेल्या महिन्यापासून शुक्रवारी दिवस बुडाला की मी काम बंद करतो, ते शनिवारी दिवस बुडेपर्यंत. गाडीवर मेणकापड टाकून दोरीने आवळून बांधतो, म्हणजे सवयीने हात जायला नको.

अक्का, मला पवित्र शास्त्रातल्या त्या माणसाच्या गोष्टीची भीती वाटते, ज्याने रानात शब्बाथाच्या दिवशी काटक्या गोळा केल्या. त्याला सगळ्यांनी मिळून दगडांनी मारलं. नुसत्या काटक्यांसाठी. आणि आपली आई शनिवारी सकाळी अंघोळीच्या पाण्यासाठी तुराट्या मोडते. त्यांचा कडाड आवाज आला की मी दोन्ही कानांवर हात ठेवतो. मी आईला सगळं सांगितलं आहे : चूल नको, निवडणं-पाखडणं नको, गाडी नको, बाजार नको. आई म्हणाली, की मग मी नुसती उताणी पडून आढ्याकडं बघू का रे बाबा.

गावात माझी चेष्टा चालते. ज्यांच्या सोयाबीनमध्ये मी कोळपणी करतो ते आबासाहेब म्हणाले, की मारुतीचा उपवास धरलास ते लय चांगलं केलंस, नारळ मी देतो. आता त्यांना काय सांगू? शनिवारी मी औत धरत नाही, रविवारी आई चर्चला नेते, सोमवारी आपल्या घराच्या रीतीने बैल जुंपत नाहीत. आबासाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, की तुझ्या बैलांना सरकारी नोकरी लागली का रे, आमाला बी कुठं वशिला लावायचा ते सांग.

प्रियांकाला पापा. तुझ्या रागावरही माझी माया आहे, तुझी माझ्यावर असू दे.
तुझा,
महांतेश

*

जिंतूर,
दि. १६ जुलै २०२४

चि. महांतेश यास,
अनेक आशीर्वाद आणि डोक्यात एक टपली.

तुझं पत्र पोचलं. दाजी हसले नाहीत, उलट म्हणाले की पोराचं अक्षर तुझ्यापेक्षा चांगलं आहे. दहावीला शाळा सोडली नसतीस तर आज मलाच शिकवलं असतंस. प्रियांका रांगत रांगत उंबऱ्यापर्यंत जाते आणि तिथे बसून रडते, म्हणजे अगदी मामावर गेली आहे.

आता शनिवार. तू मला तोडू नको म्हणालास, तर तूही सगळं वाचल्याशिवाय रागावू नको. आपण जन्माने इस्राएलातले नाही. अप्पा लिंगायत घरात जन्मले, गळ्यात लिंग बांधून वाढले आणि चाळिशीत बाप्तिस्मा घेतला. आपल्यासारखे बाहेरून आलेले लोक पहिल्यांदा मंडळीत आले, तेव्हा त्यांच्यावर काय काय लादायचं याचा प्रेषितांनी बसून विचार केला होता. चार गोष्टी सांगितल्या. त्यांत शनिवार नव्हता. रविवार आपण धरतो तो प्रभू त्या दिवशी उठला म्हणून, आनंदाने. तो काही शिक्षेच्या धाकाने बदललेला वार नाही. हे मी पाळक साहेबांना विचारून लिहिते आहे, मनाचं नाही.

आणि अप्पांचं तू विसरलास. बाप्तिस्म्यानंतर चर्चमधली वडील मंडळी घरी आली होती, सोमवारी बैल न जुंपणं ही नंदीची पूजा आहे, ती सोडा म्हणून. अप्पा त्यांना चहा देऊन म्हणाले, की बाप्तिस्मा मी घेतलाय, बैलांनी न्हाई. त्यांची सुट्टी मोडणारा मी कोण? राजशेखर मामा दुकानात बसून अजून ही गोष्ट सांगतात आणि गिऱ्हाईक थांबवून हसतात. म्हांत्या, सोमवार म्हटलं की आपल्या घरात कुणाला भीती वाटायची का? बैल धुवायचे, शिंगांना तेल लावायचं, अप्पा त्यांच्याशी बोलत बसायचे. विसावा म्हणजे मला तेच आठवतं. तुझ्या शनिवारी मात्र घरात कुणी मोठ्याने श्वास घेत नाही, असं आई म्हणते.

तिने फोन केला होता. शनिवारी केस विंचरले तर चालतात का, असं विचारत होती. मला हसू आलं, मग आलं नाही. ती देवाला भीत नाही रे, तुझ्या तोंडाकडे बघून भिते.

रागावलास तरी पत्र लिहीत जा.
तुझी,
वैजयंती

*

ताडकळस,
दि. २३ जुलै २०२४

ती. अक्कास,
सलाम. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. चार गोष्टींचं मी दत्तराव ब्रदरना विचारलं. ते म्हणाले की त्या चारांत खून करू नको हेही नाही, मग खून चालतो का? मला तुझंही पटतं आणि त्यांचंही पटतं, आणि दोन्ही पटल्यावर झोप लागत नाही. चुकून शनिवार पाळला तर काय बिघडणार आहे? पण चुकून मोडला तर?

तू अप्पांचं लिहिलंस म्हणून मीही लिहितो, हे मी कुणाला बोललो नाही. अप्पा शनिवारी गेले. धुऱ्याजवळ औत वळवताना खाली बसले आणि उठले नाहीत. मी पाण्याची घागर घेऊन येत होतो. बैल तसेच जुंपलेले उभे होते, काजळ्या मान वळवून अप्पांकडे बघत होता. इतकी वर्षं मी वार मनात आणला नव्हता. ब्रदर शिकवत होते त्या दिवशी मला एकदम आठवलं की तो शनिवार होता. आता सांग, मी कसा औत धरू? आणि आता घरात आईच राहिली आहे.

ब्रदर वाईट माणूस नाही. दुखणं-खुपणं, बाळंतपण, खड्ड्यात पडलेलं जनावर, यांना शनिवारीही हात लावायचाच, ते चांगलं काम आहे, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. पण ही सूट कुठे संपते ते मला नीट कळलं नाही, म्हणून मी ती आईला सांगितलेली नाही. आईला सूट म्हटलं की ती त्यातून अख्खी बैलगाडी नेईल. काल विचारत होती, की कोंबडी घरात शिरली तर हाकलायची का दिवस बुडेपर्यंत तिला पाहुणी समजायची.

पण आता ती ऐकते. मागच्या शनिवारी तुराट्यांचा आवाज आला नाही. तिने थंड पाण्यानेच अंघोळ केली. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

आबासाहेबांनी कोळपणीला दुसरा माणूस पाहिला. त्याचं काही नाही. तू मात्र दुसरा भाऊ पाहू नको.
तुझा,
महांतेश

*

जिंतूर,
दि. ३० जुलै २०२४

चि. महांतेश यास,
अनेक आशीर्वाद. आज टपली नाही.

अप्पांचं वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. तू तेवढा लहान आणि हातात घागर, हे चित्र तू एकट्याने सांभाळलंस. पण बाबा, अप्पांनी जन्मभर शनिवारी औत धरलं. देवाला मारायचंच होतं तर तो इतकी वर्षं कशाची वाट बघत होता? त्यांचं छातीचं दुखणं जुनं होतं, ते अंगावर काढत होते. शनिवारने नाही, न सांगण्याने ते गेले.

आईलाही तीच सवय आहे. फोनवर म्हणाली, की उजव्या बाजूला पोटात कळ येते अन् जाते, म्हांतेशला सांगू नकोस, त्याला आधीच लय घोर हाय. मी सांगते आहे. तिला परभणीला नेऊन दाखव. तुझा शनिवार सोडून कोणत्याही दिवशी ने, पण ने. पुढे ढकलू नको.

मला तुझ्याशी वार जिंकायचा नाही. तुला शनिवारी विसावायचं असेल तर विसाव, मी देवाजवळ तुझी तक्रार करणार नाही. फक्त घाबरून विसावता येत नाही, एवढं बघ.

तुझी माया आहे ती राहो, भीती तेवढी कमी होवो.
वैजयंती

*

परभणी,
दि. ११ ऑगस्ट २०२४

ती. अक्कास,
सलाम. वि. वि.

तू गुरुवारी जिंतूरला परत गेलीस, त्यानंतर आईचा ताप उतरत आहे. पोटातली नळी अजून काढलेली नाही. डॉक्टर म्हणाले की धोका टळला असं आजच म्हणू नका, पण पोट मऊ पडत आहे. काल दोन चमचे पेज घेतली आणि पेजेत मीठ नाही म्हणून मला बोलली.

तू इथे असताना मला सारखं विचारत होतीस की अपेंडिक्स फुटेपर्यंत तू काय करत होतास. मी तोंड फिरवून औषधं आणायला जात होतो. दवाखान्यात सगळ्यांसमोर मला ते बोलता आलं नाही. आता लिहितो.

तुझं पत्र मला शुक्रवारी दुपारी मिळालं. मी आईला विचारलं, ती म्हणाली की आता काहीच न्हाई, गॅस धरला होता. मी ठरवलं की सोमवारी एसटीने नेऊ. दिवस बुडाला, मी गाडी बांधली. आई दारात उभी राहून बघत होती.

शनिवारी ती उठली नाही. भिंतीकडे तोंड करून, पाय पोटाशी घेऊन पडून होती. अक्का, मला आनंद झाला. मला वाटलं की आई शेवटी शब्बाथ पाळायला लागली. मी तिच्या अंगावर गोधडी टाकली आणि उशाशी बसून तिला शास्त्र वाचून दाखवलं. मधे विचारलं की बरं वाटतंय का. तिने मान हलवली. तिच्या तोंडात पदराचा बोळा होता. दात दुखत असेल, असं मला वाटलं. दुपारी तिने विचारलं की ऊन कुठवर आलंय. मी म्हणालो, तुळईच्या सावलीपर्यंत. तिने डोळे मिटले.

संध्याकाळी तिने विचारलं, दिवस बुडाला का. मी बाहेर जाऊन नीट बघून आलो आणि म्हणालो, हो, बुडाला. तेव्हा म्हणाली, आता गाडी काढ बाबा, कालपासून पोटात लय दुखायलंय.

दोरीची गाठ मला सुटेना. विळ्याने कापली. पण तिला गाडीवर बसता येईना, म्हणून आबासाहेबांकडे पळालो. ते हातातली भाकर टाकून जीप घेऊन आले, एक शब्द वाकडा बोलले नाहीत. इथे डॉक्टरांनी विचारलं की हिला कालच का आणलं नाही. मी म्हणालो, आम्हाला कळलं नाही. ते खोटं होतं. आईला कळलं होतं.

दत्तराव ब्रदर बुधवारी भेटायला आले होते ते तू पाहिलंस. व्हरांड्यात मी त्यांना सगळं सांगितलं. ते मग म्हणाले, की अरे, मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना. होय, सांगितलं होतं. नको-नको ते सगळं मी आईला पाठ करून घेतलं आणि दुखण्याची सूट तेवढी सांगायची ठेवली. ती माझ्यासाठी गप्प राहिली. मला काही होऊ नये म्हणून.

आता शनिवार का रविवार हे माझं मला अजून कळलेलं नाही. ते नंतर बघू. आता मला दुसरीच भीती वाटते. गुंगीमुळे आईला दिवस कळत नाहीत. दुखतंय का असं नर्सने विचारलं की आई आधी विचारते, आज वार कोणता हाय. वार कळल्याशिवाय ती दुखतंय म्हणत नाही. नर्सला वाटतं म्हातारी भ्रमली. मला माहीत आहे, ती भ्रमलेली नाही.

काल सकाळी तिचं अंग आखडलं होतं, कपाळावर घाम होता. मी विचारलं, कुठे दुखतंय. तिने माझा हात धरून विचारलं, वार कोणता. काल शनिवार होता. मी म्हणालो, सोमवार. म्हणाली, खरंच का. मी म्हणालो, खरंच, बैल गोठ्यात उभे आहेत. तेव्हा तिची मूठ सैल झाली. शिंगांना तेल लावलंस का विचारलं. मी लावलं म्हणालो. मग तिने माझा हात उचलून टाक्यांच्या खाली जिथे दुखत होतं तिथे ठेवला आणि म्हणाली, इथं. मी नर्सला हाक मारली. तिथे पू धरला होता, तो वेळेवर काढला.

अक्का, खोटं बोलू नको हीसुद्धा आज्ञाच आहे. मी ती शनिवारी मोडली आणि आजही मोडणार आहे. मला भीती वाटते आहे, पण मी मोडणार आहे.

तू शुक्रवारी परत येशील तेव्हा प्रियांकाला दाजींजवळ ठेव, इथे डास फार आहेत. आणि येताना मनाशी घोकत ये. आईने वार विचारला, तर सोमवार सांग.

तुझी माया मागतो,
महांतेश