फुप्फुसाचा फोटो आणि माझी कबुतरं

३ फेब्रुवारी
सुनेने आज पुन्हा तोंड उघडलं. म्हणे माझा खोकला गॅलरीतल्या कबुतरांच्या घाणीमुळे. खोकला वयाचा आहे. जन्मभर वर्गात कविता शिकवल्या, खडूही तेवढाच खाल्ला. खडूला कुणी जाळी लावली नाही.
शेवटी पैज. फुप्फुसाची तपासणी करायची. स्वच्छ निघालं तर कबुतरं राहणार, नाहीतर गॅलरीला जाळी. हसत कबूल केलं. अख्खं कडवं एका दमात म्हणणाऱ्याला कसली भीती?

४ फेब्रुवारी
सराव. दुसऱ्या ओळीला थांबलो, पण तिथे अर्थाच्या दृष्टीने विराम हवाच होता.

९ फेब्रुवारी
हॉस्पिटल. सोबत चिरंजीव आणि सून. यंत्र नवंकोरं. चिरंजीव म्हणाले, साध्या एक्स-रेत दिसत नाही ते यात दिसतं. दिसत नाही ते नसतंच, पण बापाचं ऐकतो कोण!
पिशवीतला कसलासा वायू ओढायचा, श्वास रोखायचा आणि यंत्राच्या बोगद्यात पडून राहायचं. हवा पोचेल तिथे चित्रात उजेड, नाही पोचली तिथे काळोख. बोगद्यात एकटं वाटलं, म्हणून मनातल्या मनात चौथीच्या पुस्तकातली कविता घेतली. यंत्रवाली पोरगी स्पीकरवरून खेकसली, आजोबा, ओठ हलतायत, फोटो बिघडतोय. कवितेने बिघडणारं यंत्र! दुसऱ्या वेळी ठसका. वायूच हलका. तिसऱ्यांदा सुटलो. पोरगी सुनेकडे कीव आल्यासारखी बघत होती. उद्धट.

१३ फेब्रुवारी
डॉक्टर. पोरसवदा. विचारलं, पक्षी पाळता का? नाही म्हणालो. खोटं कुठे आहे? ती आपली येतात, मी दाणे टाकतो. सून गाडी लावायला गेली होती. देव आहे.
मग त्याने पडद्यावर माझं फुप्फुस लावलं. काय सांगू! करड्यावर पांढरं, त्यात काळ्या छटा. तोंडून उपमा निसटलीच, की आमच्या गॅलरीतल्या कबुतराने पंख पसरावा, अगदी तसं. डॉक्टरने पेन खाली ठेवलं. रोज येतात का, किती असतात, सगळं विचारलं. रसिक भेटला म्हणून मी खुललो. अंडी, पिल्लं, काही ठेवलं नाही. वर बघतो तर सून दारात.
रसिक कसला! म्हणे काळं आहे तिथे हवाच पोचत नाही. कबुतरांची धूळ. थांबवलं नाही तर फुप्फुस कडक होत जाईल, मग ऑक्सिजनची नळी.
परतताना सुनेने गाडी थेट जाळीवाल्याच्या दुकानापुढे थांबवली. हा तिचा जुना डाव आहे.

१६ फेब्रुवारी
जाळी लागली. निषेध म्हणून शिडी धरली नाही. शिवाय धाप लागली होती. वाटलं, कबुतरं निदान घिरट्या घालतील, व्याकुळ होतील. समोरच्या छपरावर गेली आणि पाठ करून बसली. कृतघ्न जात.
गोळ्या घेतोय. केवळ सभ्यता म्हणून.

२० मार्च
खोकला थांबला. यातून काहीही सिद्ध होत नाही. हवा बदलली, इतकंच. पण सुनेला कळता कामा नये. तिची चाहूल लागली की खोकतो, स्वयंपाकघरापर्यंत जाईल असा. आरोह-अवरोह सांभाळून. जन्मभराचं काव्यवाचन वाया गेलेलं नाही.

२६ मार्च
दुपारी आरामखुर्चीत दोनदा दणदणीत खोकलो. मग डोळा लागला. जाग आली तर सून शेजारीच मटार सोलत बसलेली. पातेलं काठोकाठ भरलेलं. म्हणजे बऱ्याच वेळापासून. ताबडतोब खोकलो.
तिने मानही वर केली नाही. म्हणाली, "राहू द्या, बाबा. दमाल."