बिनखुंटीची भिंत

प्रिय ठमे,

पाकीट बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही, कुणी आजारी नाही, आणि माझे गुडघे जसे होते तसेच कुरकुरतायत. फोनवर मी तुझ्या कोड्यांचा विषय काढला की तुझ्याकडे लगेच दारावरची बेल वाजते, नाहीतर दूध उतू जातं. आत्याच्या घरी एवढं दूध येतं तरी कुठून, कोण जाणे. पत्राच्या तोंडावर फोन ठेवता येत नाही, म्हणून हा खटाटोप. अक्षर लागेल तसं लाव. चौथीत शाळा सुटलेल्या आजीकडून वळणदार अक्षर मिळायचं नाही.

आधी इकडचं सांगते. तुझ्या बापाने जिन्याचा कठडा रंगवला आणि रंग ओला आहे असं कुणाला सांगायचं विसरला. त्यामुळे सध्या इमारतीतल्या अर्ध्या लोकांचे तळहात हिरवे आहेत आणि सगळे त्याला शोधतायत. माझ्याकडे काम बरं चाललंय. लोक जाड होतात, बारीक होतात, कपडे तेवढेच राहतात, त्यावर माझं पोट. परवा एक बाई नवऱ्याचा कोट सैल करायला देऊन गेली. मागोमाग नवरा आला, म्हणाला मी बारीक होणार आहे, हात लावू नका. कोट तसाच टांगून ठेवलाय. त्यांचं आधी ठरू दे.

तुझा कॉम्प्युटर शिवणाच्या टेबलावर आहे तिथेच आहे. तुझा बाप म्हणत होता माळ्यावर टाकू, जागा अडते. मी म्हटलं, टेबल माझं, जागा माझी, तुझं काय अडतंय? वर जुना अभ्रा घातलाय, धूळ बसू नये म्हणून.

तू कॉलेज अर्धवट टाकून बॅग घेऊन दारात उभी राहिलीस, तेव्हा मी काही विचारलं नाही. मला कळत नव्हतं म्हणून नाही. विचारलं असतं तर तू खोटं बोलली असतीस आणि मला ते ऐकून घ्यावं लागलं असतं. मग कितीतरी दिवस तू भिंतीकडे तोंड करून पडून असायचीस. एका सकाळी उठून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटर मांडून बसलीस. मला वाटलं नोकरी शोधतेयस. तर कळलं की आकड्यांची कोडी सोडवतेयस, आणि तीही एकटी नाही. जगभरातली माणसं, ज्यांनी एकमेकांची तोंडं पाहिलेली नाहीत, ती मिळून कोड्यांची उत्तरं काढणारे प्रोग्राम लिहितात आणि एका सामाईक जागी ठेवतात. एकाने लिहायचं, दुसऱ्याने तपासायचं, पसंत पडलं की ते आत. मग हवं त्याने उघडावं आणि शिकावं. मी विचारलं, मिळतं काय? काही नाही. देतं कोण? कुणीच नाही. मी म्हटलं, म्हणजे सगळे रिकामटेकडे एका जागी जमलेत. तू हसलीस. घरी आल्यापासून तेव्हा पहिल्यांदा हसलीस, म्हणून पुढेही मी त्यांना रिकामटेकडेच म्हणत राहिले.

ते खुंट्यांचं कोडं तू मला समजावलंस ती दुपार आठवते? भिंतीवर ओळीने खुंट्या आहेत. खुंटीवर ओला कोट टांगायचा, नाहीतर ती रिकामी सोडायची. पण दोन ओले कोट शेजारी शेजारी नकोत, वाळणार नाहीत. तर एवढ्या खुंट्या असल्या तर कोट टांगायच्या तऱ्हा किती? मी म्हटलं, माझ्या घरी एकच तऱ्हा, मी टांगेन ती. तू माझ्या बटणांचा डबा उपडा केलास. काळं बटण म्हणजे कोट, पांढरं म्हणजे रिकामी खुंटी. खरं कोडं याहून अवघड आहे म्हणालीस, त्यात टोप्या आहेत, लांब कोट आहेत, पण मूळ हेच. आणि मग म्हणालीस, आजी, सगळ्या भिंतीकडे बघूच नकोस, फक्त शेवटच्या खुंटीकडे बघ. ती रिकामी असेल तर अलीकडच्या सगळ्यांवर पाहिजे तसं टांग. तिच्यावर कोट असेल तर तिच्या शेजारची रिकामी ठेव आणि तिच्या अलीकडे पाहिजे तसं टांग. म्हणजे मोठ्या भिंतीचं उत्तर दोन लहान भिंतींतून येतं. मला कळलं, ठमे. मी तेव्हा कबूल केलं नाही, चहा टाकायला उठले. पण मला कळलं होतं.

तुझी दोन-तीन सोपी उत्तरं घेतली गेली तेव्हा तू दाराशी उभी राहून केस विंचरत गुणगुणत होतीस. तपासणाऱ्याच्या नावापुढे चहाच्या किटलीचं चित्र होतं, म्हणून आपण तिला किटली म्हणायचो. बाई आहे का बाप्या, अजून ठाऊक नाही. मग खुंट्यांचं मोठं उत्तर पाठवलंस आणि किटलीने ते परत धाडलं. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, उत्तर बरोबर आहे पण हे तुला कुठून मिळालं ते कळत नाही. बस. तू कॉम्प्युटर बंद केलास. मला म्हणालीस, उत्तर बरोबर आहे ना, मग झालं, आणखी काय पाहिजे यांना? आठवड्याभरात आत्याकडे गेलीस. आता तिथल्या नोकरीत दिवसभर कानाला यंत्र लावून लोकांच्या तक्रारी ऐकतेस आणि सगळं छान आहे म्हणतेस.

तेव्हा मला वाटलं, पोरीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, दुसरं काय. खरं काय ते नंतर समजलं. तुझ्या कॉलेजच्या एक बाई बापाला वाटेत भेटल्या. तोंडी परीक्षेत तुला फळ्याशी उभं करून परीक्षकाने चार जणांसमोर विचारलं होतं म्हणे, हे कुठून उतरवलंस? तू पायऱ्या न मांडता उत्तर लिहायचीस, लहानपणापासूनची खोड. त्याला वाटलं चोरलंय. तू खडू ठेवून बाहेर पडलीस, ती थेट आपल्या दारात. मग किटलीची ती पहिली ओळ वाचून तुला काय ऐकू आलं असेल, हे मला आता कळतंय. त्या परीक्षकाचा कोट माझ्याकडे दुरुस्तीला आला तर मी काय करीन ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

पण तू पुढचं वाचलंच नाहीस. मागच्या महिन्यात खालच्या झेरॉक्सवालीचं मशीन बिघडलं. तिला कुठलातरी कागद घाईने पाठवायचा होता, म्हणून ती वर आली. अभ्रा काढून कॉम्प्युटर लावला तर तुझं पान आपोआप उघडलं, आणि किटलीचे निरोप साठलेले. मी तिला खुर्ची दिली आणि म्हटलं, पहिल्यापासून वाच आणि मराठीत सांग, तुझा कागद थांबेल. त्या पहिल्या ओळीच्या खाली लिहिलं होतं, "मी या कोड्यावर फार दिवस अडून होतो. तुला हे सुचलं कसं? दोन ओळी लिहिशील, तर मागून येणाऱ्यांनाही कळेल." (म्हणजे बाप्या असावा. किंवा झेरॉक्सवालीने तसं सांगितलं.) त्याच्या खाली, बरी आहेस ना, असं विचारलेलं. त्याच्याही खाली एक कोरडा निरोप, की बरेच दिवस उत्तर नाही म्हणून हे काम आता बंद करण्यात येईल. तो माणसाचा नव्हे, तिथल्या यंत्राचा असतो म्हणाली, गप्प बसलेल्यांची कामं ते आपोआप मिटवून टाकतं. ठमे, एकाने कुठून उतरवलंस म्हटलं, दुसऱ्याने कसं सुचलं म्हटलं. दोन्ही प्रश्नांना एकाच पंगतीत बसवलंस, एवढी हुशार पोर असून.

आता पत्राचं कारण. मी तुझ्या पानावरून किटलीला उत्तर दिलंय. झेरॉक्सवाली लिहीत गेली, मी सांगत गेले. मी पोरीची आजी, पोर रुसलीय, काम मिटवू नका, आणि त्या दोन ओळी पाहिजेत तर घ्या, असं म्हणून शेवटच्या खुंटीचं तू सांगितलंस तसंच्या तसं सांगितलं, बटणांसकट. किटलीला फार आवडलं. यंत्राने हात लावू नये म्हणून त्याने तुझ्या कामावर खूण लावून ठेवलीय. पण त्याने उलट विचारलं, भिंतीवर एकही खुंटी नसेल तर तुझ्या प्रोग्रामने काय उत्तर द्यायचं, तिथे तो अडखळतो. मी म्हटलं शून्य, खुंटीच नाही तर टांगणार काय कपाळ? तो म्हणतो एक. काहीच न टांगणं हीही एक तऱ्हा, म्हणे. मी म्हटलं, ही तऱ्हा नव्हे, हा आळस आहे. त्याने दोन खुंट्यांचा काहीतरी दाखला दिला, तो झेरॉक्सवालीला आणि मला दोघींनाही झेपला नाही. आठवडाभर आमची जुंपलीय आणि तो जराही मागे सरत नाही. शेवटी त्याने लिहिलं, हे काम जिचं आहे तिनेच ठरवावं. मी कळवलंय की ती ठरवेल. तेव्हा तो चुकत असेल तर त्याला समजाव, मी चुकत असेन तर मला समजाव. कुणीही बरोबर निघो, लिहायला तुलाच बसावं लागणार आहे.

तुझीच,
शून्यावर अडून बसलेली
आजी