नळासमोर पाच दमयंती

नारायण पेठ, पुणे
रविवार, सकाळी

ती. वासंतीताई यांस,

बाळचा साष्टांग नमस्कार.

सर्वप्रथम तुमच्या गुडघ्याची चौकशी. ऑपरेशनला पाच आठवडे होऊन गेले. डॉक्टरांनी चार सांगितले होते (मी मोजतो आहे असं नाही, कॅलेंडर समोरच टांगलेलं आहे). तुमच्या नातीने, स्वरालीने, मोबाइलवर कळवलं की आजी आता जिना चढते आणि परवा मंडईत जाऊन मेथीच्या जुड्यांवरून घासाघीस करून आली. वाचून फार आनंद झाला. गुडघा घासाघीस करण्याइतका बरा झाला असेल, तर त्या गुडघ्याच्या सेवेला गेलेलं आमच्या घरचं माणूसही आता... पण तो विषय नंतर. इकडील सर्व क्षेम, असं लिहायची आपली पद्धत आहे. पण घरात मी एकटाच असल्यामुळे ‘सर्व’ म्हणण्याइतकं कोणी नाही, आणि क्षेमाशी माझा पाच आठवड्यांत संबंध आलेला नाही.

बिबवेवाडी काही परदेशात नाही, मग पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोन केला की कुसुम उचलते. “ताई बरी आहे, मीही बरी आहे, गॅस मागून बंद करता ना?” एवढं विचारते आणि ठेवते. या तीन वाक्यांत मला शिरायला फटच नसते. स्वरालीला विचारावं तर ती म्हणते, “बाळआजोबा, कुसुमआजी इकडे एकदम चिल आहे, डोन्ट वरी.” मला नेमकी त्याचीच काळजी वाटते. गेल्या गुरुवारी मी रिक्षाने तुमच्या सोसायटीच्या फाटकापर्यंत आलो होतो. वॉचमनने वही पुढे केली. नाव लिहिलं, फ्लॅट नंबर लिहिला, वेळ लिहिली. पुढचा रकाना होता ‘काम’. त्यात काय लिहावं हे पाच मिनिटं सुचेना. मागे स्कूटरवाला हॉर्न वाजवायला लागला, तेव्हा ‘चुकून आलो’ असं लिहून परतलो. वही तपासलीत तर सापडेल.

प्रकरण तुमच्या कानावर कितपत आलं आहे, ठाऊक नाही. कुसुमने सांगितलं असेल तर माझी बाजू सांभाळूनच सांगितलं असेल, म्हणून खरं काय ते मीच लिहितो.

आमच्या पेठेतलं वाचनालय तुम्ही पाहिलं आहे. तिथल्या द्वारकाबाईंनी (तीस वर्षं त्याच खुर्चीत ग्रंथपाल) बरीच वर्षं ‘पुस्तकात लिहू नये’ अशी पाटी लावून पाहिली. सभासदांनी पाटीवरही अभिप्राय लिहिले. तेव्हा त्यांनी हार मानून नियम केला: समासात लिहा, पण पेन्सिलने लिहा, नाव घालू नका आणि कोणाचंही खोडू नका. तेव्हापासून आमच्याकडे माणसं पुस्तकं वाचतात ती निम्मी पुस्तकासाठी आणि निम्मी समासासाठी. त्या समासांत वाघोलीच्या कोणा तनुजा नावाच्या तरुण लेखिकेची ‘उरलेलं अर्धं वस्त्र’ ही कादंबरी येऊन पडली. कथा आपल्या नळदमयंतीचीच, पण दमयंतीने सांगितलेली. नळ द्यूतात राज्य घालवतो, रानात झोपलेल्या बायकोचं अर्धं वस्त्र कापून घेतो आणि निघून जातो, इथपर्यंत सगळं आपल्या ओळखीचं. पण आपल्या कथेत दमयंती दुसरं स्वयंवर मांडते ते नळाला बोलावण्याची युक्ती म्हणून. या बाईंची दमयंती ते खरोखरच मांडते.

झालं. एका सभासदाने ‘मूळ कथेत असे नाही’ हे वाक्य एकोणीस ठिकाणी लिहिलं. दुसऱ्या कोणी अयोध्या ते विदर्भ रथाचा वेग काढून लेखिकेला घोड्यांचं ज्ञान नाही असा निष्कर्ष काढला. एका मुलीने ‘सेम माझ्या एक्ससारखा’ असं नळाबद्दल लिहिलं आणि त्याखाली कोणीतरी ‘एक्स म्हणजे काय?’ असं विचारलं. एकाचं मत होतं की दमयंती विदर्भाची म्हणून रानात झोपली, सदाशिव पेठेची असती तर नळाला आधी उठवून कुठे चाललात हे विचारलं असतं. आणि मी, तेहतीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवलेला माणूस, मी काय केलं असेल? मी मार्क दिले. प्रत्येक प्रकरणाला, दहापैकी. सर्वात जास्त मिळाले साडेतीन, तेही कागद चांगला वापरल्याबद्दल.

पुस्तक मी कुसुमच्या हाती परत पाठवलं (ती भाजीला जाते, वाटेतच आहे). आठवड्याने, आपल्या शेऱ्यांवर कोणी काही बोललं का हे पाहायला पुन्हा आणलं, तर माझ्या मार्कांखाली कोणाचं तरी लिखाण. पहिल्याच ठिकाणी: ‘परीक्षकांनी उत्तरपत्रिका पूर्ण वाचली आहे का?’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी खाली चार ओळी हाणल्या आणि पुस्तक पाठवून दिलं. पुन्हा आणलं, पुन्हा उत्तर. असं तीन वेळा. नळ द्यूतात हरला त्या पानावर मी ‘नशीब’ लिहिलं होतं. त्याखाली आलं, ‘खेळताना बायकोला विचारलं नव्हतं, हरल्यावर मात्र दोघं मिळून रानात.’ आणि स्वयंवराच्या पानावर, जिथे चार देव नळाचं रूप घेऊन बसतात आणि दमयंती त्या पाच सारख्या नळांतून आपला नळ ओळखते, तिथे हे: ‘तिने पाचांतून ओळखला. नळासमोर पाच दमयंती उभ्या केल्या असत्या, तर?’

मी त्याखाली लिहिलं: ‘प्रश्न गैरलागू. पतीला पत्नी ओळखू येणार नाही हे संभवतच नाही. ०/१०.’ पुढच्या खेपेला त्याखाली एकच शब्द होता. ‘बरं.’ (हा शब्द मी घरात दिवसातून पंचवीस वेळा ऐकतो. तरी माझ्या डोक्यात काही आलं नाही.)

पुढे वाचनालयाने लेखिकेला बोलावून चर्चा ठेवली आणि ज्येष्ठ सभासद म्हणून ‘वाचकांचे अभिप्राय’ या विषयावर मला उभं केलं. आता शिक्षकाच्या हाती पुस्तक, समोर साठ माणसं आणि गळ्यात शाल. वर्गात मी नापासांच्या उत्तरपत्रिका वाचून दाखवत असे, मुलं पोट धरून हसत. (ज्याची उत्तरपत्रिका असे तो काय करी, हे मी कधी पाहिलं नाही. आता आठवायचा प्रयत्न करतो आहे.) तसेच मी त्या अनामिक बाईंचे (बाईच असणार, हा माझा अंदाज) शेरे एकेक करून वाचले, आवाज काढून वाचले. लोक हसले. तिसऱ्या रांगेत कुसुम होती, तीही हसली, हे मी स्वतः पाहिलं, आणि त्याने मला चेव आला. शेवटी मी म्हणालो की या बाईंचं घरात कोणी ऐकत नसावं, म्हणून बिचाऱ्या पुस्तकाच्या समासात येऊन बोलतात. टाळ्या पडल्या, ताई. कडकडून पडल्या.

कार्यक्रम संपल्यावर लेखिका माझ्याकडे आली. पोरगी शांत होती. तिने पुस्तक मागून घेतलं, पाच दमयंतींचं ते वाक्य आपल्या वहीत उतरवलं आणि म्हणाली, “सर, माझ्या अख्ख्या पुस्तकात असं वाक्य नाहीये. या काकू कुठे भेटतील?” मी म्हणालो, अशा बायका समोर येत नसतात. हे बोलत असताना कुसुम माझ्या शेजारी माझी शाल आणि माझा नारळ धरून उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फिरून आलो तर घरात कोणी नव्हतं. फ्रिजवर चिठ्ठी होती: ‘ताईच्या गुडघ्यासाठी जाते आहे. दूध तापवलं आहे. कणीक खालच्या कप्प्यात. गॅस मागून बंद करा.’ चिठ्ठी मी दोनदा वाचली. मजकुरासाठी नव्हे. तेच डावीकडे किंचित झुकलेलं, घाई नसलेलं अक्षर. ताई, नाव न घातलेल्या उत्तरपत्रिका मी नुसत्या अक्षरावरून ज्याच्या त्याला परत केल्या आहेत. मुख्याध्यापक त्यासाठी मला बोलावत. आणि हे अक्षर मला ओळखू आलं नव्हतं, कारण मी ते कधी पाहिलंच नव्हतं. किराण्याची यादी ती सांगते, मी लिहितो (तिच्यापेक्षा माझं अक्षर वळणदार, हे मीच ठरवलेलं). बँकेचे, गॅसचे, पासपोर्टचे अर्ज मी भरतो, आणि तिने जिथे सही करायची तिथे पेन्सिलने बारीक फुली मारून कागद तिच्यापुढे सरकवतो. ती फुलीवर सही करते. एक्केचाळीस वर्षांत मी तिची फक्त सही पाहिली. पदार्थांची एक वही आहे तिची, पण ती उघडायची मला गरज पडली नाही, पदार्थ ताटातच येत होते.

चिठ्ठी घेऊन तसाच वाचनालयात गेलो. द्वारकाबाईंनी चिठ्ठी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. “आज कळलं का, सर?” म्हणाल्या. “त्या खिडकीपाशी बसून तासभर लिहायच्या. भाजीची पिशवी पायाशी. मला वाटलं, तुम्हा दोघांचं घरात ठरवून चाललंय. गंमत म्हणून.” म्हणजे सगळ्या वाचनालयाला ठाऊक होतं. टाळ्या कुणी कशासाठी वाजवल्या, याचा मी अजून विचार करतो आहे. आणि तिला माझं अक्षर पहिल्याच शेऱ्याला ओळखू आलं असणार, म्हणजे पाच नळांच्या परीक्षेत ती तेवढ्यातच पास झाली होती. मी खिशातून खोडरबर काढून माझं ते ०/१० खोडायला लागलो, तर द्वारकाबाईंनी खोडरबर काढून घेतला. नियम म्हणजे नियम.

मला वाईट वाटतं, ताई. खूप वाईट वाटतं. ती बोलत होती, चांगलं बोलत होती, माझ्याशीच बोलत होती, आणि इतकी वर्षं असं कोणी माझ्याशी बोललं नाही म्हणून मी ते वाचायला पुन्हा पुन्हा पुस्तक आणत होतो. भांडायला म्हणून आणतो असं मला वाटत होतं. खरं म्हणजे त्या बाईंच्या उत्तराची मी वाट पाहत असे. त्या आत स्वयंपाकघरात होत्या.

बाकी माझं बरं चाललं आहे. नळ हा स्वयंपाकात निष्णात होता, हे परंपरेत आहेच, तेवढा भाग आम्ही परंपरेतून गाळला होता. आता भात येतो (पिठल्यासारखा), पिठलं येतं (भातासारखं), आणि पदार्थांची वही मी उघडली आहे. त्यातही समास आहेत. आमटीच्या पानावर ‘यांना आवडते, मला नाही’ असं लिहिलं आहे. मी आता आमटी करत नाही.

असो. माझं मागणं काही नाही. हे पत्र केवळ तुमच्या प्रकृतीच्या चौकशीसाठी आहे. सांभाळून राहावं.

आपला मेहुणा,
बाळ

ता. क. दुसऱ्या गुडघ्याचंही ऑपरेशन करून घ्यावं असा तुमचा विचार असल्याचं स्वरालीकडून कळलं. कृपया घाई करू नये.

ता. क. दोन. ‘परीक्षकांनी पूर्ण वाचली आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर: नाही. साठाव्या पानापर्यंतच वाचली होती. पुढचे मार्क मी अंदाजे दिले. आता पूर्ण वाचली, दोनदा. शेवटी नळ त्या स्वयंवराला येऊन पोहोचतो, तेव्हा ती त्याला माळही घालत नाही आणि हाकलतही नाही. ती म्हणते, आधी बस, तू नव्हतास तेव्हाचं मी सांगते. आणि तो बसतो. कादंबरी तिथे संपते. त्या पानाच्या समासात शब्द नाही, नुसती एक उभी रेघ ओढलेली आहे.

ता. क. तीन. ताई, तुमचा चष्मा फुटला आहे आणि नवीन बुधवारी मिळणार आहे, हेही स्वरालीने कळवलं आहे. म्हणजे हे पत्र तुम्हाला कोण वाचून दाखवत असेल हे मला माहीत होतं. म्हणूनच आज टाकलं. कुसुम, इथून पुढचं मोठ्याने वाचू नकोस.

ता. क. चार. या कागदाला डावीकडे चार बोटं समास सोडला आहे आणि पाकिटात टोक केलेली पेन्सिल घातली आहे. तुला जे लिहायचं ते लिही. मी खोडणार नाही, मार्क देणार नाही. फुली कुठेही मारलेली नाही.