गाळणी वापरणारी माणसं

३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

इंटरनेट नसेल तिथेही चाललं पाहिजे, नाहीतर लिहायचंच कशाला, असं तू एकवीस वर्षांपूर्वी कॉलेजच्या जिन्यात बसून म्हणाला होतास. आज अर्ज भरताना ते वाक्य सारखं आठवत होतं.

आपली गाळणी, म्हणजे नदीच्या पातळीच्या नोंदींतून चुकीचे आकडे वेगळे काढणारा आपला प्रोग्राम, अजून चालते. पण नव्या संगणकांवर अडखळायला लागली आहे. देखभालीला आम्ही सहाजण होतो. आता मी आणि, पत्रव्यवहार बघायला, आपल्या शाळेतल्या भूगोलाच्या बाई. बाकीच्यांना घरं चालवायची आहेत, त्यांना काय बोलणार?

म्हणून तुमच्या संस्थेकडे निधी मागितलाय. अर्जात एक रकाना आहे, वापरणारे किती. मोजायचं तर इंटरनेट लागतं, म्हणून आपण मोजणी ठेवलीच नाही. गाळणी पेनड्राइव्हवरून हातोहात फिरते. डाउनलोड तेवढे दोनशे बारा आहेत, तेच लिहिले. भूगोलाच्या बाई म्हणाल्या, पाच हजार ठोकून द्या, कोण बघायला येतंय. माझा हात धजला नाही.

आई बरी आहे. तुझा आवाज फोनवर बसल्यासारखा वाटतो म्हणते. मी सांगितलं, साहेब झाल्यावर बसतोच.

आमची आठवण कामाच्या फायलींखाली दबू देऊ नकोस.

तुझी धाकटी


२९ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

संस्थेचं पत्र येईलच, पण आधी माझ्याकडून कळावं. अर्ज नामंजूर झाला.

सख्ख्या बहिणीचा अर्ज म्हणून नियमाप्रमाणे मी खोलीबाहेर गेलो. मशीनमधून कॉफी घेऊन ढवळेपर्यंत मला परत आत बोलावलं. तेवढाच वेळ लागला. शेजारी बसणाऱ्याने नंतर सांगितलं, दोनशे बारा वाचल्यावर कोणी पान उलटलंच नाही. शिवाय काही नवं करणार असाल तर देऊ, जुन्याची डागडुजी आमच्या योजनेत बसत नाही, असंही ठरलं. मोजणी का ठेवली नाही, असं एकीने विचारलं म्हणे. त्याचं उत्तर त्या इमारतीत फक्त मला ठाऊक होतं, आणि मी बाहेर साखर ढवळत उभा.

पुढच्या वेळी मोजणी घाल. हट्ट पुरे झाला. आईला सांग, आवाज ठीक आहे.

रागावलीस तरी लिहीत राहा.

दादा


१७ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

रागावले नाही. भूगोलाच्या बाईंनी मात्र तुमच्या संस्थेचा तासभर उद्धार केला. तू दूर आहेस म्हणून वाचलास.

मोजणी नाही घातली. गाळणीच्या पहिल्या पडद्यावर दोन ओळी टाकल्या, की वापरत असाल तर या पत्त्यावर चार शब्द कळवा. पाच महिन्यांत त्या ओळी कुठे कुठे पोचल्या! एका धरणाच्या कचेरीत अठरा संगणक आहेत आणि गाळणीचा पेनड्राइव्ह टाचण्यांच्या डबीत ठेवलेला असतो. एका शिक्षिकेला वाटत होतं, ती संगणकाबरोबरच येते. एका कारकुनाने लिहिलंय की नदीवरचा मापक अडकून सारखी एकच पातळी दाखवत होता, गाळणीने ते पकडलं, म्हणून खालची वस्ती वेळेवर हलवता आली. पत्रं तीनशे एक्केचाळीस झाली. मोजायची सवय नाही, दोनदा मोजली.

पण दादा, मी थकले. एक तारखेपासून विमा कंपनीत रुजू होते आहे. बाहेरचं कुठलंही काम करणार नाही असं त्यांनी लिहून घेतलंय. सही एका दमात करून टाकली, याचंच वाईट वाटलं. पत्रांना उत्तरं भूगोलाच्या बाई देतील, पण प्रोग्राममध्ये त्यांना काही करता येत नाही.

सगळ्या फायली सोबत पाठवल्या आहेत. त्यातल्या सर्वांत जुन्या ओळी तुझ्याच आहेत, बघशील तर ओळखशील.

तुझ्या संस्थेला चालणार नाही. शनिवार मुलांचा, असं वहिनी म्हणेल, आणि तिचं बरोबरच आहे. तुला सगळं नव्याने शिकावं लागेल. हे सगळं मला ठाऊक आहे, तरी विचारते. नाही म्हणालास तरी माया आहे तशीच राहील.

शनिवारचा एक तास गाळणीसाठी देशील का?

तुझी धाकटी